जागेशी संबंध

"कोणाकडे जायचंय?" पहारेकऱ्याने त्याला विचारलं.

तसा प्रश्न काही वावगा नव्हता. कुठल्याही फाटकावर माणसं हेच विचारतात, आणि आपणही अमक्याकडे, तमक्याकडे सांगून मोकळे होतो. पण ह्या फाटकापलीकडे ना घर होतं, ना कचेरी, ना कोणी माणूस. जुन्या गोदामाची भिंत आणि होड्या दुरुस्त करायची शेड ह्यांच्या मधोमध, दोन माणसं जेमतेम शेजारी चालतील एवढा दगडी उतार होता, आणि उताराच्या पायथ्याशी नदी. फाटक मात्र नवंकोरं. रंगाचा दुसरा थर अजून पुरता वाळला नव्हता; त्याने गजाला हात लावला तर बोटं चिकटली. "पाण्याकडे," तो शेवटी म्हणाला. पहारेकरी तरणा होता, भला होता, गणवेशाच्या घड्याही अजून मोडल्या नव्हत्या. "पाण्याकडे म्हणजे कोणाकडे?" त्याने अगदी मनापासून विचारलं. "पास आहे का, काका?" "नदीवर जायला पास?" "नदीवर जायला कशाला लागेल? नदी सगळ्यांचीच आहे. ह्या जागेतून जायला लागतो." आता ह्यावर काय बोलायचं, कपाळ? फाटकाशेजारी नदीकाठ नवीकरणाचा फलक उभा होता. त्यावर मनाईची यादी होती: धुणं धुणे, पोहणे, होडी बांधणे, पाण्यात पाय सोडून बसणे. पाय सोडून बसणंसुद्धा! आणि सगळ्यात खाली, हिरव्या अक्षरांत, 'ह्या अनाम जागेला सुंदरसं नाव सुचवा. निवडक नावांना बक्षीस.' ते त्याने दोनदा वाचलं. ही जागा अनाम कशी झाली हे अख्ख्या शहरात एकाच जिवंत माणसाला ठाऊक होतं, आणि तो माणूस बोटांना लागलेला रंग रुमालाने पुसत फाटकाबाहेर उभा होता.

आदल्या संध्याकाळी ताईचा फोन आला होता. "छोट्या, आधी जाऊन बघून ये, मग बोल," एवढंच म्हणून तिने फोन ठेवला. सदुसष्ट वर्षांच्या, टक्कल पडलेल्या, दोन नातवंडांच्या आजोबाला छोट्या म्हणणारं आता तेवढं एकच माणूस उरलं होतं, आणि ते माणूस रागावलं की फोन असाच ठेवायचं. ताई अजून गोदामामागच्या गल्लीतच राहत होती, जुन्याच खोलीत. तो मात्र नोकरी लागल्यालागल्या तिथून निघाला तो निघालाच. सणावाराला नाही, दुखण्याखुपण्याला तेवढा जायचा. आणि गेला तरी गल्लीच्या वरच्या तोंडाने आत शिरायचा, उताराच्या बाजूने कधी नाही. कामच पडत नाही म्हणायचा. कामाचं काय, आपण म्हणू तसं ते पडतं किंवा पडत नाही.

आज तो फाटकावरून थेट तिच्याकडे गेला. ती खाटेवर पाय लांब करून बसली होती, आणि ते पाय बघून तो चरकला. घोट्यापासून बोटांपर्यंत सुजून तट्ट झालेले. गेली कित्येक वर्षं ती पहाटे उतारावर जाऊन तास-अर्धा तास पाण्यात पाय सोडून बसायची. तेवढ्याने तिचा दिवस निभायचा. "सात दिवस झाले फाटक लागून," ती म्हणाली. "बादलीत बुडवून बघितले. बादलीतलं पाणी मेलेलं असतं रे." मग तिने उशीखालून कागदांची चळत काढली. अर्ज, त्याची पोच, खाली सह्या आणि अंगठे: होडीवाले, धुणंवाल्या बाया, पोहायला येणारी म्हातारी मंडळी, सगळी गल्ली. "गुरुवारी सुनावणी आहे. कचेरीत म्हणतात, कागदावर ही जागाच नाही. गोदामाची भिंत थेट शेडला जाऊन भिडते म्हणे! मग मी सत्तर वर्षं काय भिंतीतून जात होते? आता गोदाम त्या नवीकरणवाल्यांचं, म्हणून उतारही त्यांचा. तिथे म्हणे खुर्च्या मांडणार आणि कॉफी विकणार." ती थांबली, दम घेतला. "तू त्याच कचेरीत होतास की. मोठा आरेखक होतास. एवढे नकाशे काढलेस, आपल्याच दारातली जागा कशी राहिली रे?" तो म्हणाला, "बघतो." "बघतो काय? गुरुवारी यायचं आणि बोलायचं. आम्हाला ती भाषा येत नाही." "येतो," तो म्हणाला. तिने त्याच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला आणि तो मुकाट्याने प्यायला.

आपल्याच दारातली जागा कशी राहिली. जिना उतरताना, बसमध्ये, घरी कुलपाला किल्ली लावताना ते वाक्य त्याच्या कानात घोळत राहिलं. राहिली नव्हती. राहून जाणं वेगळं. त्याच्या हातून आयुष्यात एक झाड राहिलं नव्हतं, एक विहीर राहिली नव्हती. तेविसाव्या वर्षी तो मोजणी खात्यात ट्रेसर म्हणून लागला तेव्हाच साहेब लोक त्याचा हात बघायला टेबलाशी येऊन उभे राहायचे. पारदर्शक कापडावर शाईने रेघ मारताना श्वास रोखून धरायचा, रेघ संपली की सोडायचा. दिवसभर असाच तुकड्यातुकड्याने श्वास घ्यायचा. अक्षर तर असं की छापील वाटावं. घरात तो पहिला शिकलेला. आईला अक्षर म्हणजे काळ्या मुंग्या. ती त्याच्या पाटीवरून हात फिरवायची आणि म्हणायची, "ह्यातली तुझी मुंगी कुठली?" तो आपल्या नावाचं पहिलं अक्षर दाखवायचा. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा तेच विचारायची, आणि तो पुन्हा दाखवायचा. कंटाळा दोघांनाही आला नाही.

आई इस्पितळाच्या चादरी धुवायची. हे वाक्य त्याने कधी कोणाला असं सरळ सांगितलं नव्हतं. लग्नाच्या बोलणीत तो म्हणाला होता, "आई इस्पितळात असते." खोटं म्हणाल तर खोटं नाही. बायकोच्या माहेरच्यांनी परिचारिका असेल असं समजून घेतलं, ह्याने समजू दिलं. तरुणपणी चादरींनी भरलेली ढकलगाडी आईच्या उजव्या पायावर उलटली होती, आणि तो पाय कायमचा आखडला. एक पाऊल पूर्ण, एक अर्धं. डोक्यावर ओलं गाठोडं घेऊन ती उतार चढायची तेव्हा तिची चाल कोणीही डोळे मिटून ओळखावी: टप्प, आणि मग घासत येणारा दुसरा पाय. चाळीस वर्षं, उन्हात, थंडीत, तापात, पहाटेपासून ती त्या उतारावर होती. होडीवाले यायच्या आधी ती असायची, ते गेल्यावरही असायची. कोणाचं पोर खोल पाण्यात गेलं की तिचा आवाज आधी लागायचा. "तिसरा दगड हलतो, जपून रे," हे ती येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला सांगायची, रोज तेच लोक असले तरी. त्यामुळे लोक त्या जागेला लंगडीचा उतार म्हणायला लागले. कोणी ठरवलं नाही, कोणी पाटी लावली नाही. लंगडीच्या उतारावर भेट, लंगडीच्या उताराशी होडी लाव. होडीवाल्यांच्या तोंडी तर ते नाव दुसऱ्या काठापर्यंत पोचलं होतं.

ताईला त्या नावाची चीड. तिने त्यापायी एका मुलाच्या मुस्कटात भडकावली होती आणि त्याची आई भांडायला दारात आली होती. आई मात्र हसली. "पाय लंगडा आहे तर लंगडीच म्हणणार ना? सरळ पायाच्या बाईला म्हणाले असते तर मी गेले असते भांडायला." तिला ते नाव लागत नव्हतं. तिला उलट, तो आता विचार करतो तर, जरा बरंच वाटत असावं. कोणी नवखा माणूस गल्लीत येऊन "लंगडीचा उतार कुठे?" असं विचारायचा तेव्हा ती हातातलं धुणं ठेवून, ताठ होऊन सांगायची, "हाच." लागायचं ते त्याला. शाळेत, खेळताना, कोणाच्या घरी पहिल्यांदा जाताना. "कुठला रे तू?" ह्या प्रश्नाला सगळी मुलं पटकन उत्तर द्यायची आणि हा इकडेतिकडे बघायचा. आणि तो वास! चादरींना फिनेलचा वास असायचा, तो घरात, अंथरुणात, पोळीच्या घासात असायचा. पुढे कचेरीत सकाळी जमीन फिनेलने पुसली की तो खिडकीशी जाऊन उभा राहायचा. साहेबांना वाटायचं, पोरगं निसर्गप्रेमी आहे.

आणि मग ती मोजणी. चव्वेचाळीस वर्षं झाली. नदीकाठाचा नवा नकाशा करायचा होता. मोजणीसाहेब, साखळी धरणारे दोघे, आणि नोंदी करायला हा. साहेब म्हणजे सरळ माणूस, नियमाचा पक्का. नियम असा होता की जागेचं नाव तिथल्या दोन माणसांनी, एकमेकांच्या अपरोक्ष, सारखंच सांगायला हवं. पहिल्याने सांगितलं की नोंदवहीत पेन्सिलने लिहायचं. दुसऱ्याने तेच सांगितलं की शाईने. नाव, सांगणारे, सांगणाऱ्यांचा जागेशी संबंध, वहिवाट, असे चार रकाने. नाव जुळलं नाही तर चारही रकान्यांत रेघ. आणि दहा फुटांहून अरुंद, बिननावाची जागा नकाशात काढायचीच नाही. नाही म्हणजे नाही. आठवडाभर त्या काठाने पुढे सरकत सरकत ते गोदामाशी आले तेव्हा ह्याला रात्रभर झोप नव्हती. त्याने आजारी पडायचं ठरवलं, मग भीती वाटली की दुसरा कोणी आला आणि सगळं विचारून गेला तर? म्हणून गेला. शेडपाशी होडीवाला डांबर लावत होता. "ह्या जागेला काय म्हणतात?" साहेबांनी विचारलं. "लंगडीचा उतार," होडीवाला म्हणाला, मान वर न करता. वर केली असती तर बरोबरच्या तरुणाला त्याने ओळखलंच असतं. ह्याने पेन्सिलने लिहिलं. लिहिताना कान तापले, आणि पेन्सिल नको तेवढी दाबली गेली.

साहेब उतार उतरू लागले. "जपून, तिसरा..." एवढं त्याच्या तोंडून निघून गेलं आणि त्याने जीभ चावली. साहेबांनी ऐकलं नाही. खाली आई दगडावर चादर आपटत होती. पहिल्यांदा तिला साहेबांचे बूट दिसले, मग साहेब, मग तो. तिचा चेहरा फुलला. नोकरी लागल्यापासून त्याला कामावर तिने कधी पाहिलं नव्हतं. पांढरा सदरा, बगलेत वही, खिशाला शाईचं पेन. ती हाक मारणार एवढ्यात तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. काय दिसलं तिला तिथे? तो पुढे पुष्कळदा आरशासमोर उभा राहून ते बघायचा प्रयत्न करायचा. साहेबांनी विचारलं, "बाई, ह्या जागेला काय म्हणतात हो?" आईने चादर पिळली. सावकाश पिळली, शेवटच्या थेंबापर्यंत. "काही नाही म्हणत, साहेब," ती म्हणाली. "नुसता उतार आहे." "वर तो होडीवाला लंगडीचा उतार म्हणाला." "तो काय, काहीही बोलतो. थट्टेखोर आहे मेला." "तुम्ही इथे रोज असता?" "मी? नाही बाई. आजच आले." साहेब ह्याच्याकडे वळून म्हणाले, "खोडा. रेघ ओढा." त्याने रबराने खोडलं. मग गोदामाच्या पायरीवर वही टेकवून, पेन उघडून, त्याने चारही रकान्यांत रेघा ओढल्या. नेहमीसारखा श्वास रोखून. आई बघत होती. वर जाताना त्याने मागे वळून पाहिलं नाही. पण मागून चादर आपटल्याचा आवाज बराच वेळ आला नाही, एवढं त्याला ऐकू आलं.

पुढच्या सुट्टीला तो घरी गेला तेव्हा दारातच घुटमळला. आई म्हणाली, "जेवलास का?" बस्स. त्या दिवशी नाही, नंतर कधी नाही, मरतानाही नाही. तिने चकार शब्द काढला नाही, आणि त्याला आधी सुटल्यासारखं वाटलं. हे कबूल करायला हवं: आधी त्याला बरंच वाटलं. ती गेल्यावर कुठेतरी टोचायला लागलं. आणि त्याने स्वतःची समजूत काढली होती, की अहो, एका उताराचं नाव ते काय, कागदावर असलं काय आणि नसलं काय, लोक जायचे तसे जातातच आहेत. फाटक लागेपर्यंत ही समजूत छान चालली.

मंगळवार गेला, बुधवार गेला. तो जेवत होता, वर्तमानपत्र वाचत होता, नातीला शाळेच्या दारापर्यंत सोडत होता, आणि सगळं दुसऱ्याच कोणाच्या तरी हाताने चाललं आहे असं वाटत होतं. बायको म्हणाली, "तब्येत बरी नाही का?" तो म्हणाला, "बरी आहे." वर्तमानपत्रात नदीकाठासाठी आलेल्या नावांची यादी होती. लहर, निवांत, सांजवारा, क्षितिज. नावं वाईट नव्हती. एखाद्या साबणाला शोभली असती. वाटलं, गुरुवारी जाऊच नये. ताईला सांगावं, छातीत दुखतंय. किंवा जावं आणि नुसतं वहिवाटीचं बोलावं, जुने दाखले, पाण्याची पातळी, सार्वजनिक हक्क, अशी ती मोठी मोठी वाक्यं, जी बोलायला आयुष्यभर कचेरीत शिकला होता. वहीचं कशाला काढायचं? पण वही निघणारच. वही सगळ्यात आधी निघेल. आणि तिच्यात अक्षर नाही म्हणून ओळखू येणार नाही, असंही नव्हतं; त्याच्या रेघा खात्यात प्रसिद्ध होत्या.

गुरुवारी सुनावणीच्या दालनात शिरताना पहिल्यांदा आला तो फिनेलचा वास. जमीन नुकतीच पुसली होती. तो खिडकीकडे निघाला आणि अर्ध्यावर थांबला. गल्लीतली वीसेक माणसं भिंतीशी बसली होती; ताई पुढच्या बाकावर, सुजलेल्या पायांत मावत नाहीत म्हणून चपला काढून ठेवलेल्या. टेबलामागे एक तरुण अधिकारी बाई होती, थकलेली, पण डोळे चांगले. "हे बघा आजी, मी काही तुमच्या विरुद्ध बसलेली नाही," ती ताईला म्हणत होती. "पण जागा जुनी आणि सगळ्यांची आहे हे कशावरून धरायचं? इथे प्रत्येकजण नुसतं उतार, उतार म्हणतोय. शहरात उतार शंभर असतील. तुम्ही त्याला काही नावाने ओळखत असाल ना?" भिंतीशी बसलेल्यांनी एकमेकांकडे पाहिलं, मग ताईकडे. तिच्यादेखत ते नाव घ्यायची कोणाची हिंमत नव्हती. तिच्या हाताची चव त्यांतल्या एकाने, आता केस पांढरे झाले होते त्याचे, लहानपणी घेतलीच होती. ताईने ओठ घट्ट मिटले. "नाव म्हणजे... उतारच म्हणतो आम्ही," ती म्हणाली. बाईने सुस्कारा टाकला आणि जुनी वही पुढे ओढली. "त्या वेळच्या मोजणीतही तेच आहे. नोंद क्रमांक एकशे बारा. नाव, रेघ. सांगणारे, रेघ. संबंध, रेघ. वहिवाट, रेघ. ह्याच्यापुढे मी काय करू सांगा?"

ताई त्याच्याकडे वळली. बोल ना, असं तिचे डोळे म्हणत होते. तो उठला. पाठ केलेली मोठी वाक्यं जिभेवर होती. सार्वजनिक हक्कापासून सुरुवात करायची, मग पाण्याची पातळी. तो टेबलापाशी गेला आणि त्याला आपल्या रेघा दिसल्या. चव्वेचाळीस वर्षांत शाई जराही फिकी पडली नव्हती.

"मॅडम," तो म्हणाला, "ते पान जरा तिरकं धरा. उजेडाकडे. असं."

"का?"

"पेन्सिल खोडली तरी कागदात चर राहतो. पहिल्या रकान्यात बघा. दाबून लिहिलेलं आहे."

बाईने वही उचलून खिडकीकडे धरली, मान वाकडी केली, डोळे बारीक केले. "लं..." ती वाचू लागली. "लंगडी... लंगडीचा उतार?"

"हो. ह्या वह्या मी लिहीत होतो. ते मीच लिहिलं, मीच खोडलं. होडीवाल्याने हे नाव सांगितलं होतं. दुसरी सांगणारी बाई म्हणाली, नाव नाही. ती खोटं बोलली."

"खोटं का बोलेल ती?"

"कारण ती लंगडी म्हणजे तीच होती. आणि ती माझी आई. मी साहेबांबरोबर उभा होतो, आणि मला तिची लाज वाटत होती, आणि तिने ते पाहिलं. मला वाचवायला बोलली ती. चाळीस वर्षं ज्या दगडावर काढली, तिथे आजच आले म्हणाली. मी ऐकत उभा राहिलो आणि रेघा ओढल्या." एवढं बोलून तो थांबला. मागे बघायचं धैर्य त्याला नव्हतं. मागे ताई होती.

बाईने वही उघडीच टेबलावर ठेवली. मग तिने खणातून जबाबाचा कोरा कागद काढला. "नियम अजून तोच आहे," ती हळूच म्हणाली. "दोघांनी सांगायला हवं. चर दिसतोय, तुम्ही सांगताय, हे एक झालं. दुसरं कोण?" भिंतीशी कुजबुज झाली, पण कोणी उठलं नाही, सगळे ताईकडे बघत होते. त्याला वाटलं, ती निघून जाईल. तिने जायलाच हवं होतं, तो तिच्या जागी असता तर गेला असता. मागे बाक करकरला. अनवाणी पावलं फरशीवर ओढत ओढत पुढे आली. ताई त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली, त्याच्याकडे न बघता.

"लिहा," ती म्हणाली. "लंगडीचा उतार." आवाज कापला, तसं तिने पुन्हा म्हटलं, मोठ्याने, भांडायला उभी राहावी तसं. "लंगडीचा उतार! सगळे म्हणतात. मीही म्हणते."

"तुमचा जागेशी संबंध?"

"तो ह्याला लिहू दे. एवढी वर्षं हाच लिहीत होता ना."

बाईने कागद त्याच्यापुढे सरकवला. तेच चार रकाने होते. त्याचं छापील वाटावं असं अक्षर कुठच्या कुठे गेलं होतं. त्याने नाव लिहिलं. सांगणारे दोघे लिहिले. जागेशी संबंध ह्या रकान्यात, आपल्यापुढे, 'मुलगा' असं लिहिलं, आणि खाली ताईपुढे 'मुलगी'. वहिवाटीच्या रकान्यात काय लिहावं ते त्याला कळेना. "रोजची," ताई म्हणाली. त्याने रोजची लिहिलं. निकाल महिन्याने लागेल, बाईने सांगितलं. नवीकरणवाल्यांचे वकील येतील, ते हे सगळं नाकारतील, तयारीत राहा. पण वही पुन्हा उघडावी लागेल एवढं नक्की. तोवर फाटक राहीलच. मग ती उठून, टेबलाला वळसा घालून आली आणि तिने ताईच्या चपला तिच्या पायांपाशी आणून ठेवल्या.

गल्लीतली माणसं पुढे गेली. दोघं जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली, कारण ताईला एका दमात उतरणं जमणार नव्हतं. क्षमा वगैरे शब्द तोंडाशी आला आणि इतका पोकळ वाटला की त्याने गिळला. खाली रस्त्यावर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं. ताई म्हणाली, "मला तो दिवस आठवतो."

त्याने मान वर केली.

"ती मला काही म्हणाली नाही ह्यातलं. शपथेवर सांगते, काही नाही. संध्याकाळी आली, गाठोडं ठेवलं, आणि इतकी खुशीत होती की मी विचारलं, आज काय मिळालं? तर म्हणाली, छोट्याला काम करताना बघितलं गं. साहेबांच्या बरोबरीने. पायरीवर वही ठेवून लिहीत होता. काय सुरेख अक्षर काढतो म्हणाली, एक अक्षर हललं नाही. कितीतरी दिवस तेच सांगत होती गल्लीभर, ऐकून ऐकून आमचे कान किटले."

तिने कठडा धरला आणि उठायला लागली. त्याने हात पुढे केला, आणि तिने तो घेतला, पण त्याला काही उठता येईना. त्या दिवशी त्याने आईसमोर एकही अक्षर काढलं नव्हतं. नुसत्या चार रेघा ओढल्या होत्या.